थिन क्लायंट, राइट फिल्टर आणि तुटणारा ट्रस्ट: माझा अनुभव

आठ दिवस डोकं खाल्लंय या प्रकरणानं, राग अजून गेला नाहीये म्हणून लिहितोय.

थिन क्लायंट (जेमतेम स्टोरेजची छोटी विंडोज मशीन्स) डोमेनला (कंपनीच्या सगळ्या मशीन आणि युजरांचं एकत्र जाळं) जोडले, राइट फिल्टर (डिस्कवर जाणारे बदल अडवून रीस्टार्टला पुसणारी विंडोजची सोय) चालू केला, सगळं मस्त. महिना उलटला आणि एकेक मशीन लॉगिनला सांगायला लागलं की डोमेनशी ट्रस्ट रिलेशनशिप फेल, म्हणजे डोमेन मशीनला ओळखेना. मी सगळे करतात तेच केलं, डोमेनमधून काढलं, परत जोडलं, त्यानं रीस्टार्ट मागितला, मी दिला, आणि वर आल्यावर एरर तीच! फिल्टर चालू होता ना, मी केलेलं सगळं रॅममधल्या ओव्हरलेत (डिस्कवरच्या तात्पुरत्या थरात), रीस्टार्टला साफ. हे कळायच्या आधी हाच उद्योग मी तीन मशीनवर केला, डीएनएस तपासलं, घड्याळं जुळवली, नेटवर्कवाल्यांशी भांडलो (सॉरी बरं का).

शेवटी एडीत (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेनची नोंदवही) त्या कंप्युटरचं पासवर्ड लास्ट सेट (पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती तारीख) बघितलं. तारीख चार दिवसांपूर्वीची, आणि आमची इमेज (मशीनवर टाकलेली विंडोजची तयार प्रत) त्याच्या महिनाभर आधीची. तिथे ट्यूब पेटली. मशीन अकाउंटलाही (डोमेनमधल्या मशीनच्या स्वतःच्या खात्यालाही) पासवर्ड असतो, तो डीफॉल्ट 30 दिवसांनी मशीन स्वतःच बदलतं, डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) मागे लागत नाही. नवा पासवर्ड एडीत राहतो, मशीनवरचा मात्र रीस्टार्टला पुसला जाऊन जुना परत येतो.

म्हणून आधी फिल्टर बंद, रीस्टार्ट, मग लोकल अॅडमिननं लॉगिन करून पॉवरशेलमध्ये टेस्ट-कंप्युटरसिक्युअरचॅनेल ही कमांड रिपेअरसकट (तुटलेला ट्रस्ट तीच दुरुस्त करते), परत जोडायची गरजच नाही. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) नेटलॉगऑनच्या पॅरामीटर्समध्ये डिसेबलपासवर्डचेंज 1, म्हणजे मशीननं पासवर्ड बदलायचाच नाही, आणि मगच फिल्टर चालू. ही सेटिंग ग्रुप पॉलिसीनंही (डोमेनवरून सगळ्या मशीनना एकदम सेटिंग पाठवायची सोय) देता येते पण नुसत्या तिच्या भरवशावर राहू नका, फिल्टर चालू असताना आलेली पॉलिसीपण ओव्हरलेतच जाते, प्रत्येक बूटला नव्यानं लागेपर्यंत मशीन मोकळंच. इमेजमध्येच टाका.

पासवर्ड कायमचा गोठवला म्हणून सिक्युरिटीवाले नाक मुरडतील, त्यांचं चूकही नाही. युनिफाइड राइट फिल्टर (विंडोजचा नवा राइट फिल्टर) असेल तर डोमेन सीक्रेट की (मशीनवरचा हाच पासवर्ड) टिकवायची वेगळी सेटिंग आहे, मग पासवर्ड बदल चालू ठेवता येतो. मला ती उशिरा सापडली.

आणि हो, मशीनच्या इव्हेंट लॉगमध्ये 3210 (ट्रस्ट फेल झाल्याच्या नोंदीचा नंबर) शोधत बसू नका, फिल्टर असला की रीस्टार्टला लॉगही उडतो. डोमेन कंट्रोलरच्या लॉगमध्ये 5722 नंबरची नोंद बघा, कुठलं मशीन रडतंय ते तिथे नावानिशी मिळतं.