आईचं कालनिर्णय

रविवार, रात्री

"छे गो, मला कुठला वेळ लिहायला!" आईला कुणीही विचारलं तरी तिचं हेच उत्तर असतं. सातवीपर्यंत शिकले, मग लग्न, मग लालबागची चाळ, मग तुम्ही दोघं, संपला विषय. आज तिच्या कांदिवलीच्या घरी रंगकामासाठी लॉफ्ट रिकामा करायचा होता. पितळी भांडी आणि गणपतीच्या मखराच्या पट्ट्या काढल्या. त्यांच्यामागे परकराच्या नाडीने बांधलेल्या कालनिर्णयांच्या गुंडाळ्या होत्या. पहिलं १९७४ चं. दुपारी अडीचला मी ते जमिनीवर पसरलं आणि दिवेलागणीला आईने "आता ऊठ, केर काढायचाय" म्हटलं तेव्हाच उठले.

कालनिर्णय निघालं १९७३ साली, आणि ते काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. आमच्या घरात या गोष्टीला फार महत्त्व. आपल्याकडच्या माणसाने काढलेलं म्हणून आईने दुसऱ्या कुठल्याही कॅलेंडरला भिंतीवर जागा दिली नाही. दुकानदार फुकट द्यायचे ती देवांच्या चित्रांची कॅलेंडरं थेट शेजारी जायची. खिळ्याला एक दोरा, दोऱ्याला पेन. ते पेन कुणी सोडवून शाळेत नेलं तर संध्याकाळी मोठी चौकशी व्हायची. नवीन कालनिर्णय घरात आलं की आई आधी गणपती कधी ते बघायची, मग अंगारकी, आणि मग सगळ्यांचे वाढदिवस जुन्यावरून नव्यावर उतरवून घ्यायची. बाबांचा वाढदिवस दोनदा लिहिलेला असे, कारण शाळेतली तारीख आणि आजीने सांगितलेली तिथी यांचा मेळ कधीच बसला नाही. आई दोन्ही दिवशी गोड करते.

तारखेच्या त्या एवढ्याशा चौकटीत ती दुधाचा हिशोब लिहायची, हे आम्हाला माहीत होतं. आरेच्या काचेच्या बाटल्या, निळं केंद्र, पहाटेची रांग हे सगळं त्यात आहेच. पण हिशोबाच्या खाली, तिथी आणि नक्षत्राच्या मधल्या फटीत, तिने काय काय लिहून ठेवलंय! १९७९ च्या मे महिन्यातलं हे वाचून तर मी मोठ्याने हसले:

"यांचे चुलतभाऊ आले."
"भाऊ आहेत."
"भाऊ आहेत. रॉकेल संपलं."
"भाऊ आहेत."
"भाऊ गेले. आंबे चांगले होते."

दहा बाय बाराची आमची खोली. त्यात आम्ही चौघं, आजी आणि गावाहून आलेला पाहुणा. पाहुण्याला जा म्हणायचं नाही, हा आईचा नियम. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही, चहा कमी केला नाही. जे काय वाटलं ते चौकटीत लिहून मोकळी झाली, आणि शेवटी आंब्यांचं श्रेयही देऊन टाकलं.

आजीच्या हातची नोंद एकच आहे. वाकडंतिकडं "राम". त्याखाली आईने लिहिलंय, "सासूबाई सही शिकल्या."

१८ जानेवारी १९८२ च्या चौकटीत एकच शब्द आहे: "संप." त्या दिवशी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यात आमचे बाबा होते. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, हे मी पुढे वाचलं. घरात तो कसा आला ते या पानांवर दिसतं. फेब्रुवारीत "वाणी बाकी". मार्चमध्ये दूध अर्ध्यावर. मेमध्ये "बांगड्या" एवढंच. आणि जूनपासून "पीठ आणलं". आईने लिज्जतचे पापड लाटायला घेतले होते. सकाळी मळलेलं पीठ आणायचं, दिवसभर लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून द्यायचे. वेताची मोठी टोपली उपडी घालून तिच्यावर पापड वाळायचे आणि मी शेजारी राखणीला. मला त्या दिवसांची आठवण दुःखाची नाही, याला कारण आईच. ती लाटताना गात असे आणि आमच्याशी भेंड्या लावत असे. जूनमधली एक चौकट अशी आहे:

"पीठ कमी भरलं. मोठ्याचं पोट दुखतं."

मोठा म्हणजे दादा. उडदाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्याची चव ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. आईने त्याला रागावलं नाही. ओवा दिला आणि म्हणाली, "मोजून खा रे मेल्या, वजन माझ्या नावावर आहे." आज फोन करून दादाला हे वाचून दाखवलं तर तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "फोटो काढून पाठव."

दुसऱ्या वर्षीचं, २५ जून १९८३ चं:

"मॅच जिंकलो. कप ३ फुटले. साखर संपली."

मजल्यावर टीव्ही एकच, शेवटच्या खोलीतल्या काकूंकडे. खोली, गॅलरी, जिना, सगळं माणसांनी भरलेलं. काकूंचं दूध संपलं म्हणून चहा आमच्याकडे होत होता. आपल्या फक्त १८३ धावा झाल्या होत्या आणि तिकडे रिचर्ड्स चौकार मारत सुटला होता, त्यामुळे पुरुषमंडळींचे चेहरे उतरलेले. आईला क्रिकेटमधलं काही कळत नसे. ती हातात भरला ट्रे घेऊन उंबऱ्यात आली आणि नेमका तेव्हाच कपिलने मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला. सगळी खोली एकदम उठली. ट्रे उडाला. बाबांच्या पाठीवर गरम चहा सांडला आणि ते तसेच नाचत होते. आईने आधी त्यांची पाठ बघितली, मग फुटलेल्या कपांकडे, आणि मग विचारलं, "आउट झाला ना नक्की?" हो म्हटल्यावर ती पुन्हा चहा टाकायला गेली. रात्री वेस्ट इंडिज १४० वर आटपले तेव्हा ती जागीच होती. चाळीतल्या सगळ्या पोरांच्या हातावर तिने शिल्लक साखर ठेवली. माझ्याही ठेवली होती. ती साखर बोटांना चिकटलेली मला अजून आठवते.

काही चौकटींत एक छोटा त्रिकोण आहे. काहीच लिहिलेलं नाही, फक्त त्रिकोण. महिन्यातून एखादा, कधी दोन. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला काय करायचंय? ते माझं आहे." बाबा पेपर वाचत होते. पेपरआडूनच बोलले, "अबोला." त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे! मग लक्षात आलं की त्रिकोणाच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी हटकून "वडे" असं लिहिलेलं आहे. बाबा पाळी संपवून येताना गरम बटाटेवडे आणायचे, कागदाला तेल सुटलेलं असायचं, सोबत लसणाची सुकी चटणी. ते काही बोलायचे नाहीत. पुडा ओट्यावर ठेवायचे. आईही काही न बोलता पाव कापायला घ्यायची आणि पहिला वडा त्यांच्या ताटलीत टाकायची. आम्ही पोरं मनापासून वाट बघायचो या वड्यांची, पण ते तहाचे वडे होते हे मला आज कळलं. १९८२ च्या संपात त्रिकोण एकही नाही. मी दोनदा पानं उलटून बघितली.

आता मसाल्याचं. ते थोडक्यात सांगता येणार नाही.

आम्ही कांदिवलीला राहायला आलो तरी आईचा वर्षाचा मसाला लालबागलाच होतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, ही तिची ठरलेली निवड. मिरच्या गच्चीवर कडक उन्हात, मग देठं खुडणं. आदल्या रात्री धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री सगळं वेगवेगळं भाजणं, एकत्र भाजलं तर खसखस करपते म्हणून. सकाळी पहिल्या गाडीने लालबाग. डंकावर लोखंडी मुसळं खाली-वर होत असतात, कुटणारा नाकाला फडकं बांधून उभा असतो, आणि आई स्टुलावर बसून त्या उखळावरची नजर हलवत नाही. आधीच्या बाईचा मसाला उखळात उरलेला असू नये, आपला दुसरीकडे जाऊ नये, म्हणून. मध्येच चिमूटभर घेऊन तळहातावर चोळते, उजेडात धरते, हुंगते, आणि "अजून एक हात होऊ दे" म्हणते. कुटणारा तिला ओळखतो. तिच्यापुढे तो वाद घालत नाही.

१९९४ च्या मे महिन्यात मी तिच्याबरोबर होते. कुटलेला मसाला कोमटच होता, तो तिने डब्यात भरून झाकणाला कापड बांधलं, आणि आम्ही दादरला बोरिवली गाडी पकडली. बायकांच्या डब्यात मला चौथी सीट मिळाली आणि आई डबा पायांत घेऊन उभी. वांद्र्यापर्यंत ठीक होतं. मग समोरची शिंकली. तिची मैत्रीण शिंकली. खिडकीतली शिंकली. सांताक्रूझला अर्धा डबा शिंकत होता आणि एक बाई चांगलीच तापून म्हणाली, "काय आणलंय काय हे?" आईने शांतपणे कापड सोडलं, झाकण किलकिलं केलं आणि डबा तिच्या नाकाखाली धरला. ती बाई आणखी तीनदा शिंकली. मग डोळे पुसत म्हणाली, "वास मस्त आहे हो. मिरची किती घेतलीत?" पुढे अंधेरी येईपर्यंत आई प्रमाण सांगत होती आणि ती पर्समधल्या बिलाच्या मागे लिहून घेत होती. तिचं ऐकून आणखी एकीने लिहून घेतलं. त्या दिवसाची नोंद:

"मसाला ५ किलो. गाडीत दोघींना प्रमाण दिलं. तिसरीला दिलं नाही."

तिसरी कोण, हे मला आठवेना. आईला विचारलं. इतक्या वर्षांनी तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "ती खिडकीतली. तिला अंधेरीला उतरायचं होतं, तरी जागा म्हणून दिली नाही. वर खोटं बोलली, बोरिवली म्हणून."

मे १९९८: "रेल्वेने कणकवली. कोणालाही उलटी नाही." कोकण रेल्वे त्याच वर्षी जानेवारीत संपूर्ण मार्गावर सुरू झाली होती. त्याआधी परळ डेपोतून एसटीचा लाल डबा, कशेडी घाटाची वळणं, आईच्या पिशवीतली लिंबं, आवळासुपारी आणि खाकी पिशव्यांची चळत. घाट लागला की ती आम्हाला न विचारता एकेक पिशवी हातात देऊन ठेवायची. बाबांनाही.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दादा तेव्हा साकीनाक्याला कामाला. फोन बंद, वीज नाही, गाड्या बंद. चौकटीत लिहिलंय, "पाऊस. मोठा आला नाही." अक्षर नेहमीचं नाही, रेघ खालच्या तारखेत उतरली आहे. मेणबत्तीच्या उजेडात लिहिलेलं असणार. रात्रभर ती गॅलरीत उभी होती आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हाक मारून विचारत होती, कुठून आलात, पाणी कुठपर्यंत आहे, चहा घेता का. कितीतरी अनोळखी माणसं त्या रात्री आमच्या जिन्यात बसून चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशीची चौकट: "मोठा आला. ११ वाजता. चप्पल एक."

तो हायवेवरून चालत, कमरेएवढ्या पाण्यातून माणसांची साखळी धरून आला होता. दारात उभा राहिला तेव्हा चिखलाने ओळखू येत नव्हता. आईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो असा: "दुसरी चप्पल खंय?" दादा म्हणाला, "कुर्ल्याला गेली असेल." मग आई खाली बसली आणि त्याचे पाय दोन्ही हातांत धरून रडली. तिला असं रडताना मी पहिल्यांदा बघितलं. नंतर तिने पाणी तापवलं, त्याला आंघोळ घातली, म्हणजे खरोखरच घातली, तीस वर्षांच्या मुलाला, आणि तो मुकाट्याने बसून राहिला. ती एक चप्पल तिने धुऊन वाळवून ठेवली होती. आज लॉफ्टवर तीही सापडली.

गुंडाळ्या वर्षांप्रमाणे लावताना १९७६ चं कालनिर्णय मिळालं नाही. नेमकं माझ्या जन्माचं. "काय लिहिलं होतंस गं?" विचारलं तर म्हणाली, "आता कुठलं आठवायला! तुझ्या मावशीने नेलंय ते. मागच्या पानावर कसलीशी पाककृती होती." लगेच फोन लावला. मावशीने आधी नाही म्हटलं, मग आहे म्हटलं, मग म्हणाली, "देणार नाही, इथे येऊन बघा."

तर पुढच्या रविवारी डोंबिवली. आई मसाल्याची बरणी भरून ठेवणार आहे तिच्यासाठी. "जातोच आहोत तर माझे दोन स्टीलचे डबेही घेऊन येऊ," ती म्हणाली. कुठले डबे, विचारलं. तिने १९८८ चं मार्च उघडून बोट ठेवलं: "धाकटीला डबे २ दिले. लाडवांसकट."