बीम चढला की रंग ठरला

बेळगावच्या वडगावात माझ्या मामांचे चार यंत्रमाग होते. सुट्टीत मी तिथे कांड्या भरायला जात असे. बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, बदलायच्या दिवशी मागाचा खडखडाट थांबे आणि जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्या बीमवरचा एकेक धागा बोटांनी पिळून जोडण्यात अख्खी सकाळ जाई. बीम चढला की ताण्याचा रंग आणि काठ ठरून जात; पुढच्या डझनावारी साड्या त्याच काठाच्या निघत. मग खडेबाजारातल्या व्यापाऱ्याने ‘मोरपंखी नको, आता वांगी चालतंय’ असा निरोप धाडला, तर मामा फक्त बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग बदलू शकत.

झारासारख्या तयार कपड्यांच्या कंपन्यांविषयी वाचताना मला तो बीम हटकून आठवतो. या कंपन्या भराभर शिवतात म्हणून पुढे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्यांचे खरे कसब रंग आणि नमुना ठरवणे शक्य तितके लांबवण्यात आहे. अमेरिकेतील कापड उद्योगाने १९८० च्या दशकात स्वतःची झाडाझडती घेतली तेव्हा असे आढळले, की कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या हाती कपडा पडेपर्यंत सुमारे ६६ आठवडे जातात आणि त्यांपैकी ४० आठवडे माल नुसता गोदामात किंवा वाटेत असतो. म्हणजे गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा अंदाज सव्वा वर्ष आधी बांधायचा. ‘क्विक रिस्पॉन्स’ची, म्हणजे मागणी पाहून झटपट माल पुरवण्याची, चळवळ उभी राहिली ती या दुखण्यावर उपाय म्हणून.

इटलीच्या बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने त्याआधीच एक युक्ती काढली होती: स्वेटर न रंगवलेल्या लोकरीचे विणून ठेवायचे आणि कोणता रंग खपतो ते दिसले की मग रंगवायचे. स्पेनच्या गॅलिसियात १९७५ साली पहिले दुकान उघडणाऱ्या झाराने हेच तत्त्व साऱ्या कारभाराला लावले. बरेचसे कापड न रंगवता ठेवायचे, कापणी आपल्या कारखान्यात करायची, शिलाई आसपासच्या आणि उत्तर पोर्तुगालमधल्या छोट्या शिलाईघरांकडे द्यायची आणि दुकानांना आठवड्यातून दोनदा माल पाठवायचा. गिऱ्हाईक काय मागते आणि काय हातात घेऊन परत ठेवते, हे दुकानाचा व्यवस्थापक मुख्यालयाला कळवतो. साधे, बारमाही खपणारे टी-शर्ट मात्र आशियातून निवांत, स्वस्तात येतात. घाई फक्त लहरी मालापुरती. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या शीइनने तर एका नमुन्याचे शंभर-दोनशे नग काढून आधी बाजार चाचपण्याची रीत पाडली.

या साऱ्यात एक खर्च सहसा नजरेत येत नाही. ऐनवेळचे काम घेता यावे म्हणून कारखान्याची काही क्षमता मुद्दाम मोकळी ठेवावी लागते. मोठ्या कंपनीला ते परवडते, कारण हंगामाअखेर पडत्या भावात काढावा लागणारा माल त्यामुळे कमी होतो. आमच्याकडे ती बचत व्यापाऱ्याच्या पदरात पडते आणि रिकाम्या मागाचा भुर्दंड विणकराच्या. एका लग्नसराईत मामांनी ‘रंग पक्का कळू दे’ म्हणून दोन मागांवर बीमच चढवला नाही. निरोप दहाव्या दिवशी आला, तोवर विजेचे बिल आले होते, आणि व्यापाऱ्याने वांगी साड्या दुसऱ्याकडून उचलल्याही होत्या.