सायनहून झायनला

पोस्टात सॉर्टिंगला मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ आमच्याच भागात, चार लाख बावीसच्या पत्रांवर. एका ठिकाणाचं नाव लोक किती परींनी लिहितात ते त्या खणांसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शीव, सायन, शींव, सिऑन. काहीजण तर सरळ 'शिव' लिहून आम्हाला कैलासावर बसवायचे. इंग्रजी पाकिटांची तीच गत. एकदा तर ठसठशीत झेड काढून 'झायन, मुंबई' असं आलं होतं. मी ते न अडखळता आमच्याच खणात टाकलं. खाली गल्लीचं नाव बरोबर होतं, मग वरच्या अक्षराशी कोण भांडतंय?

ते पाकीट आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे लास व्हेगासला गेलो होतो. एका शुक्रवारी रात्री ती म्हणाली, "आई, उद्या लवकर उठा, झायनला जायचंय."

"अगं, सायनहूनच तर आलोय."

जावई हसला. मला वाटलं होतं नावांचा योगायोग असेल. तसा तो निघाला नाही.

व्हेगासहून अडीच-तीन तासांचा रस्ता. नेवाडा संपतं, अ‍ॅरिझोनाचा एक कोपरा ओलांडायचा की युटा. त्या कोपऱ्यातच डोंगर इतके जवळ येतात की हे गप्प झाले, आणि हे गाडीत गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. पुढे झायनच्या दरीत शिरलं की दोन्ही बाजूंना सहाशे मीटरच्या आसपास उभे कडे. रंग म्हणाल तर ओल्या गेरूचा. माहेरी कोकणात जांभ्याच्या चिऱ्याला जी लाली असते, तिच्यामागे लोह असतं. इथेही लोहच. फक्त दगड वेगळा: हा वाळूचा. कधीकाळच्या वाळवंटातल्या टेकड्या दबून दगड झाल्या, आणि वाऱ्याने रचलेल्या त्या वाळूचे तिरके थर अजून भिंतीवर दिसतात. एवढी उंच दरी कोरली कोणी, तर खाली वाहणाऱ्या व्हर्जिन नदीने. आम्ही गेलो तेव्हा ती जेमतेम घोटाभर होती.

आता नावाचं. 1860च्या दशकात आयझॅक बेह्युनिन नावाचा मॉर्मन शेतकरी दरीत लाकडी खोपट बांधून राहिला. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची माणसं छळाला कंटाळून पार पश्चिमेला आलेली. त्याला या कड्यांच्या आडोशाला सुरक्षित वाटलं, म्हणून त्याने बायबलमधल्या पवित्र डोंगराचं नाव दिलं, झायन. आपल्या मराठी बायबलात त्याला सीयोन म्हणतात. पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग पाहायला आले आणि म्हणाले, हे काही झायन नव्हे. तेव्हा आज्ञाधारक मंडळी काही काळ या जागेला 'झायन नव्हे' असंच म्हणत होती, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. साहेबांनी शेरा मारला की खालचे लोक तो जसाच्या तसा रजिस्टरात उतरवतात, त्यातलाच प्रकार.

पण त्याच्याही आधी दरी होतीच की, आणि माणसंही. पायूट या इथल्या मूळ रहिवाशांचा हा मुलूख. 1872 मध्ये भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने, ज्याचा उजवा हात अमेरिकेच्या यादवी युद्धात गेला होता आणि तरीही जो कोलोरॅडो नदी होडीने उतरला, त्याने या दरीचं पायूट नाव म्हणून 'मुकुंतुवीप' लिहून घेतलं. अर्थ साधारण 'सरळ दरी'. लेकीने ते वाचून दाखवलं तेव्हा मला आधी 'मुकुंद'च ऐकू आलं. 1909 मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी जागेला सरकारी संरक्षण दिलं ते याच नावाने. नऊ वर्षांनी, 1918 मध्ये, नाव बदलून झायन केलं. लोकांना जुनं नाव उच्चारता येत नाही, पाहुणे यायचे नाहीत, हे त्यामागचं एक कारण. 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि मुकुंद गेला तो गेलाच.

दरीत खाजगी गाड्या बहुतेक महिने बंद असतात. फुकट बस असते. प्रत्येक थांब्याला नाव पुकारतात आणि मी सवयीने मनात खण लावत बसले. तीन शिखरांची नावं अब्राहम, इसहाक, याकोब. समोर 'एंजल्स लँडिंग', म्हणजे इथे देवदूतच उतरू जाणे. ही नावं फिशर नावाच्या मेथडिस्ट पाद्र्याने 1916 मध्ये दिली. अख्खा बायबलचा पत्ता. शेवटचा थांबा मात्र 'टेंपल ऑफ सिनावावा', आणि हा सिनावावा म्हणजे पायूटांचा कोल्ह्याच्या रूपातला देव. सगळ्यांना घालवून दिलं तरी एक म्हातारा ओसरीवर बसून राहावा तसा.

त्या शेवटच्या थांब्याशी मी बाकावर बसून डबा उघडला. डिंकाचे लाडू. खारींना खायला घालू नका, अशी पाटी शेजारीच होती, आणि मी घातलंही नाही. पर्स नुसती उघडी राहिली. दोन मिनिटांत एक गुबगुबीत खार आत शिरून प्लास्टिकची पिशवी पुढच्या पायांनी अशी सोलत होती, जशी मी पाकिटाची चिकटपट्टी सोलायचे. तिच्या मिशांना तूप लागलं होतं. लेक ओरडली ती माझ्यावर, खारीवर नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रँड कॅन्यन. तिथे तर आमच्या ह्यांनी चक्क हात जोडले. कठड्याजवळच्या फलकावर 'विष्णू टेंपल' लिहिलेलं! देऊळ नाही, दगडी सुळका. शिव आहे, ब्रह्मा आहे, मनू, बुद्ध, झरतुष्ट्रसुद्धा. कॅप्टन क्लॅरेन्स डटन हा भूशास्त्रज्ञ, 1882 साली त्याचा या प्रदेशावरचा मोठा अहवाल छापला गेला. या सुळक्यांत त्याला पूर्वेकडची देवळं दिसली आणि तशी नावं द्यायची चाल त्याने पाडली. तळाच्या सुमारे 170 कोटी वर्षांच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. आणि शिव टेंपलची तर मजाच. या सुळक्याच्या माथ्यावरचे प्राणी हजारो वर्षं एकटे पडून वेगळे झाले असतील, अशा आशेने 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची मोहीम गाजावाजा करत वर चढली. वर काय सापडलं? कोडॅकच्या फिल्मचं रिकामं खोकं. तिथलाच फोटोग्राफर एमरी कोल्ब आधीच जाऊन आला होता.

दरीच्या आतल्या एका हिरव्या जागेला बरीच वर्षं 'इंडियन गार्डन' म्हणत. इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांच्यातल्या हावासुपाई लोकांना तिथून हाकललं होतं. 2022 मध्ये तिचं 'हावासुपाई गार्डन्स' झालं. आपल्याकडे 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं, तेव्हा मी निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. नवं नाव सगळ्यांच्या तोंडी बसेपर्यंत मीच घरी बसले.

परत आल्यावर एका सकाळी शीवच्या किल्ल्यावर गेले. खालची बाग, मग पायऱ्या, वर पडक्या भिंती आणि त्यावर कोरलेले बदाम. इंग्रजांनी 1669 ते 1677 मध्ये बांधला, गव्हर्नर जेरार्ड ऑंजियरच्या काळात. कारण इथे त्यांची हद्द संपायची. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची, आणि 1737 ते 1739च्या वसईच्या मोहिमेत ती मराठ्यांची झाली. गावाची शीव म्हणतो ना आपण, तीच ही शीव. महादेवाचा संबंध नाही. जेझुइट पाद्र्यांनी इथल्या प्रार्थनाघराला सीयोन डोंगराचं नाव दिलं, त्यावरून सायन आलं, अशीही गोष्ट सांगतात. मला शीवच पटते. शीव म्हणता येईना म्हणून तोंडात बसलेला, ओळखीचा सीयोन घेतला असेल. मुकुंतुवीपच्या बाबतीत तरी दुसरं काय झालं?

स्टेशनच्या पाटीवर अजून दोन्ही आहेत, मराठीत शीव, हिंदीत सायन. शेअर टॅक्सीवाल्याला मी हट्टाने "शीव" म्हणते आणि तो आरशात बघून "सायन ना?" विचारतो.

झायनच्या दुकानातून एक फ्रिजचं मॅग्नेट आणलं होतं, लाल कडे आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, फ्रिजपाशी थबकल्या, चष्मा वर केला.

"कुठून घेतलंस गं हे? सायनचं स्पेलिंग चुकवलंय मेल्यांनी."

मी वाटीत साखर भरली. म्हटलं, "पोचतं तरी बरोबर."