घराची नोटीस, आणि थकबाकीचा तो आकडा

मोशीतल्या आमच्या फ्लॅटवर बँकेची नोटीस आली, तेव्हा ह्यांची चाकणची नोकरी सुटून सात महिने झाले होते. हप्ता २१,६०० रुपयांचा. शिलकीतून तीन भरले, पुढचे चार थकले. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते वसुली अडकलेलं कर्ज धरते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर पहिला हप्ता चुकायच्या आधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागितली असती. तुमच्याकडे अजून ते दिवस असतील तर उद्याच जा.

नोटीस होती सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) ची. कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणारा हा बँकांसाठीचा कायदा. ६० दिवसांत २२,७४,००० रुपये भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. वाचून माझे हातपाय गळाले. सासूबाई सारख्या विचारत होत्या, "घर जाणार का गं?"

आमच्या सोसायटीत एक वकील काका आहेत. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, "हा सगळ्या कर्जाचा आकडा आहे. नुसती थकबाकी भरली तर खातं नियमित करणार का आणि थकबाकी नक्की किती, हे बँकेकडून लेखी घे."

ते लेखी मिळवण्यातच माझा महिना गेला.

शाखेत गेले तर म्हणाले, फाईल वसुली विभागाकडे आहे. वसुली विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तिथे सांगितलं, स्टेटमेंट शाखाच देते. परत शाखेत. एकाने तोंडी ९८ हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख २६ हजार, तिसरा म्हणाला, "आता पूर्णच भरावे लागतील." कागदावर लिहून द्या म्हटलं की तिघेही मान फिरवायचे. त्याआधी वसुलीच्या माणसाच्या सांगण्यावरून आम्ही १५ हजार भरले होते, तरी खातं एनपीएच. थकलेलं मुद्दल आणि व्याज पूर्ण भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. थोडे थोडे भरा म्हणणाऱ्याने हे सांगायला नको होतं का?

शेवटी काकांनी कलम १३(३अ) खाली अर्ज लिहून दिला. नोटिशीवर आपलं म्हणणं ६० दिवसांच्या आत लेखी मांडता येतं आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी दोन प्रती घेऊन शाखेत गेले. टेबलावरची बाई म्हणाली, "ठेवून जा." मी म्हटलं, पोच द्या. तिने वर विचारलं, मग खाली विचारलं, शेवटी सांगितलं की साहेब जेवायला गेलेत. मी साडेतीनपर्यंत बाकावर बसून होते. शिक्का समोर दिसत होता, निळ्या पॅडशेजारी, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. तो माझ्या कागदावर उठला नाही. त्या दुपारी मला जेवढं रडू आलं तेवढं नोटिशीच्या दिवशीही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवला. शाखेला नाही, तर नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने, नोटिशीतल्याच पत्त्यावर. तेराव्या दिवशी उत्तर आलं: १,०४,३४० रुपये, दंड आणि नोटिशीच्या खर्चासकट, आणि दिलेल्या तारखेपर्यंत भरल्यास खातं नियमित करू. एवढ्या चार ओळींसाठी सगळी वणवण!

पैशांचं पटकन झालं. माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या, बाकीचे ह्यांच्या पीएफमधून. ४६ व्या दिवशी भरले, आणि खातं नियमित झाल्याचं पत्र मागून घेतल्याशिवाय शाखेतून उठले नाही. आता ह्यांना भोसरीला काम आहे, पगार कमी आहे पण हप्ता जातो. त्या अर्जाच्या पोचपावतीला मी अजून जपते.

आठवेल तसं सांगते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. आम्हाला रात्री नऊला यायचे, लेखी तक्रार केल्यावर थांबले. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. हप्ते झेपणारच नसतील तर लिलावाची वाट न बघता घर स्वतः विका, भाव बरा मिळतो. मात्र १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, तेव्हा आधी संमती घ्या, मग विसार.

आणि ताब्याची कारवाई झालीच, दारावर नोटीस चिकटलीच, तरी हातपाय गाळू नका. त्या दिवसापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंत सगळी रक्कम खर्चासकट भरून घर सोडवताही येतं. त्यानंतर नाही. म्हणून दाराला चिकटवलेला किंवा पेपरात छापलेला प्रत्येक कागद तारखेसह फाईलला लावा, फोटोसुद्धा काढून ठेवा.