माझा अनुभव : आत्याचं खुब्याचं हाड, आयुष्मान कार्ड आणि त्यानंतरचे तीन महिने

माझी आत्या ७८ वर्षांची. इंदूरला रामबागेत आजोबांच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर एकटी राहते. लग्न केलं नाही. खासगी शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे पेन्शन नाही, विमाही कधी काढलेला नव्हता. आम्ही सुदामानगरला. रोज सकाळी फोन आणि रविवारी भेट, अशी घडी बसलेली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पहाटे ती न्हाणीघरात पडली. त्यानंतर जे जे करावं लागलं ते लिहून ठेवते आहे, कारण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना यातलं काही ना काही लागणारच आहे.

कार्ड आधीच काढून ठेवलं होतं हे आमचं नशीब. २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारत योजना सत्तर आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना खुली झाली, उत्पन्नाची अट न ठेवता. त्याचं वेगळं कार्ड मिळतं, आयुष्मान वय वंदना. भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. कागद एकच लागतो, आधार. पण आत्याच्या आधारला जोडलेला नंबर माझ्या वडिलांचा निघाला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, नंबर केव्हाच बंद पडलेला. ओटीपी येणार कुठून? मग अंगठा. जन्मभर भांडी घासून तिची बोटं इतकी गुळगुळीत झाली आहेत की यंत्राला रेषाच सापडेना. दोन दिवस तिला रिक्षाने कार्ड काढून देणाऱ्या किऑस्कवर नेलं, आणलं. दुसऱ्या दिवशी ती किऑस्कच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "राहू दे गं, मला काय होतंय."

तिथल्या मुलाने ते ऐकलं असावं. दुपारी तो स्वतःच घरी आला. मोबाईलमधून चेहऱ्यावरूनही ओळख पटते, हे मला त्याच्याकडून कळलं. आत्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, मागचा कॅलेंडरवाला खिळा दिसू नये म्हणून चादर धरली. "अम्मा, सीधे देखो... अब पलक झपकाओ." आत्याने डोळे मिटले ते मिटूनच ठेवले. तिसऱ्या वेळी जमलं. कुणाचा अंगठा लागत नसेल तर हाच मार्ग आधी मागा. आणि आधारवरचा मोबाईल नंबर आजच तपासा. तो बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, पण त्या माणसाची स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि पडल्यावर ते अवघड जातं.

ती पडल्याचा आवाज खालच्या भाडेकरूंनी ऐकला. मी पोचले तेव्हा ती फरशीवर पडलेली होती. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलेलं. खुब्याचं हाड मोडल्याची ही खूण, असं १०८ वाल्या भावाने सांगितलं आणि कुणालाही तिला बगलेत धरून उठवू दिलं नाही. सतरा पायऱ्यांच्या अरुंद जिन्यावरून तिला चादरीच्या झोळीतून उतरवलं.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. योजनेच्या यादीतलं आहे, म्हणून तिथे नेलं. काउंटरवर म्हणाले, कार्ड चालेल, पण बसवायच्या कृत्रिम सांध्याचे पैसे वेगळे. मी आयुष्मान मित्राच्या टेबलाशी जाऊन बसले. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात योजनेचं काम बघणारा हा माणूस असतो, त्याला शोधायचं. तिथूनच १४५५५ ला, म्हणजे योजनेच्या हेल्पलाइनला, स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने स्वच्छ सांगितलं की इम्प्लांट पॅकेजमध्येच असतं, तक्रार लिहून घेते, रुग्णालयाचं नाव सांगा. तक्रार लिहायची वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सर्जनसाहेबांचं म्हणणं होतं की या वयात खुब्याचं ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालेलं बरं, कारण पडून राहिलं की छातीत कफ साठतो आणि पाठीला जखमा होतात.

तिसऱ्या रात्री मात्र मी फार घाबरले. आत्या मला ओळखेना. सलाईनची नळी ओढत होती, माझ्या वडिलांना हाका मारत होती, "दादा, दार लाव, पाणी आत येतंय." रात्रपाळीच्या माणसाने तिचे हात बँडेजने पलंगाला बांधले आणि मला म्हणाला, "उम्र का असर है, अब ऐसा ही रहेगा." मी बाहेर जाऊन रडले. आमची आत्या, जिने आम्हाला मनाचे श्लोक पाठ करवले, ती आता अशीच राहणार?

सकाळी एक तरुण डॉक्टर आली. तिने आधी गाठी सोडल्या, मग मला विचारलं, "चष्मा? कान का मशीन? दात?" तिन्ही गोष्टी पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. भरती करताना हरवू नयेत म्हणून मीच त्या ठेवल्या होत्या. म्हणजे तीन दिवस आत्याला धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि अनोळखी माणसं येऊन सुया टोचत होती. डॉक्टर म्हणाली, हा डेलिरियम आहे, म्हणजे अचानक उठणारा तात्पुरता भ्रम, म्हातारपणी ऑपरेशननंतर पुष्कळांना होतो आणि बहुतेकदा उतरतो, हे वेड नव्हे. पडदा उघडा ठेवा, घड्याळ समोर लावा, वार आणि तारीख सांगत राहा, रात्री झोपू द्या, घरचं एक माणूस कायम जवळ असू द्या. मी चष्मा चढवला, यंत्र कानात बसवलं, म्हटलं, "आत्या, मी आहे. आज गुरुवार. तू दवाखान्यात आहेस, पाय मोडला होता, आता बसवला आहे." दिवसभर हेच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "गुरुवार काल होता ना गं?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ही एक गोष्ट प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लिहून लावली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मग सुट्टी मिळाली. कागदावर गोळ्यांची नावं, १५ दिवसांची औषधं आणि "एक महिन्याने दाखवणे". सतरा पायऱ्या कशा चढवायच्या, भारतीय पद्धतीच्या संडासाचं काय करायचं, कुशीवर कसं वळवायचं, यातलं एक अक्षर नाही. योजना भरतीपुरती असते. घरी आल्यावर लागणारी कमोडची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, फिजिओथेरपिस्ट, दिवसपाळीच्या मावशी हे सगळं आपलं आपण. आम्ही खालच्या भाडेकरूंची पुढची खोली दोन महिने मागून घेतली. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. वॉकर दुकानातून आणला तसाच वापरत होतो. फिजिओथेरपिस्टने येताक्षणी तो खाली केला, कारण मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर लागते.

आणि आत्या पडण्यामागचं कारणही त्या फिजिओथेरपिस्टनेच पकडलं. आत्या उठून उभी राहिली की डोलते, हे तिच्या लक्षात आलं. झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तो बराच खाली येत होता. "सगळी औषधं आणा बघू." मी डबा ओट्यावर उपडा केला. दोन पट्ट्या, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण बारीक अक्षरातलं नाव दोन्हींवर एकच, अ‍ॅम्लोडिपिन, रक्तदाब कमी करणारं औषध. एक आमच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी मोतीबिंदूच्या वेळी तपासणी करणाऱ्यांनी. आत्या मास्तरीण, दोघांचंही निमूट ऐकलं आणि सात महिने दोन्ही घेतल्या. फिजिशियननी एक लगेच बंद केली आणि म्हणाले, पहाटे एकदम उठल्यावर तोल याच्यानेच गेला असण्याची शक्यता मोठी आहे.

हे कळल्यावर मला खूप वाईट वाटलं आणि रागही आला, पण कुणा एकावर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे नीट केले, सर्जननी पाय नीट केला. आत्या पूर्ण अशी कुणालाच दिसली नाही. सगळं आहे, पण एकमेकांना जोडणारं माणूस नाही. ते काम मी केलं, कारण मला नोकरीतून रजा मिळाली. ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरात आहेत, त्यांचं कोण करणार? रामबागेच्या एकेका बोळात अशी किती घरं आहेत!

आणि सोय कागदावर नाही असंही नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा वॉर्ड आहे, अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरी जाऊन पाहण्याची तरतूद आहे. मी जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये, म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात, गेले, तर तिथल्या सिस्टरनी आपणहून आत्याचं नाव वहीत लिहिलं, आणि आशाताई दोनदा येऊन पाठ बघून गेल्या, रक्तदाब लिहून गेल्या. पण मी गेले म्हणून. रुग्णालयातून म्हातारं माणूस घरी निघालं की त्याच दिवशी त्या वहीत आपोआप नाव चढलं, तर केवढा फरक पडेल. एकट्या राहणाऱ्यांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. तिथल्या मुलीने माझ्याशी बोलून झाल्यावर "दादी से बात कराइए" म्हटलं, आणि आत्या वीस मिनिटं बोलत होती. ही सोयही फार कमी लोकांना ठाऊक आहे.

मी हेच सगळं एका पानावर लिहून अर्ज दिला आहे. मागणी एकच, सुट्टीच्या कागदाची एक प्रत त्या भागातल्या आशाताईंकडे जावी. अर्जाची पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

आत्या आता वर राहायला गेली आहे. न्हाणीघरात दांडा बसवला, उठण्याआधी ती दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसते, आणि औषधाच्या प्रत्येक नव्या पट्टीवरचं बारीक नाव भिंगातून वाचून वहीत उतरवते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं ती पायरीपायरीला मोठ्याने म्हणते. अर्जाचं काय झालं ते विचारायला मी सोमवारी पुन्हा जाणार आहे. काल तिला सांगितलं, तर म्हणाली, "मीही येते. त्यांना मला बघू दे."