तुम्ही विचारलंत म्हणून: 46व्या वर्षी प्रोस्टेटची बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडे काढून तपासणी, कशाला?

"काही निघालं नाही न्हवं? मग एवढ्या कमी वयात ते करून घेतलासच कशाला?" बेळगावात टिळकवाडीला चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, निपाणीच्या मामांच्या फोनवर, दोन वर्षं हेच. विचारताना आवाज खाली येतो. जागाच तसली पडली: प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी.

बाबांचं तुम्हाला माहीत आहे. कंबरदुखी म्हणून वर्षभर तेल चोळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तेव्हा तो हाडांत पोचला होता. बापाला झाला असेल तर मुलाचा धोका साधारण दुप्पट. म्हणून मी पीएसएसाठी, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजायला, रक्त दिलं, आणि त्याबद्दल कुणाचं ऐकून घेणार नाही. आकडा आला 5.8, माझ्या वयाला जास्त.

आता न सांगितलेलं. त्याआधी आठवडाभर मला लघवीला जळजळ होती, आणि आदल्या दिवशी सायकलनं खानापूरला जाऊन आलो होतो. प्रोस्टेटला सूज असली तरी पीएसए वाढतं. लांब सायकल मारल्यानंही थोडं वाढू शकतं. सायकलचं सुचलं नाही. जळजळ मात्र लाजेपोटी लपवली. तरी डॉक्टर म्हणाले, "दीड महिन्यानं परत रक्त बघू. तेव्हाही जास्त आलं तर आधी एमआरआय, मग सुई." मी बाबांची फाईल टेबलावर आपटली. "थांबायचं नाही," म्हणालो.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. बाजारात, बसमध्ये मी कन्नड फाडफाड बोलतो, पण तो बारीक छापा वाचायचा धीर नव्हता. मराठीत सही ठोकली. सीमाप्रश्नावर तासभर बोलणारा मी, यात काय लिहिलंय एवढंसुद्धा विचारलं नाही.

कुशीवर झोपवलं. गुदद्वारातून सोनोग्राफीची नळी, सुन्न करायचं इंजेक्शन, मग सुईचे खटके. स्टेपलर मारल्यासारखा आवाज, दर खटक्याला प्रोस्टेटचा एक बारीक तुकडा, एकूण बारा. दुखण्यापेक्षा पुढच्या खटक्याची वाट बघणं वाईट. सातव्यानंतर माझी मोजणी चुकली. पुढं लघवीतून रक्त गेलं, वीर्य कित्येक दिवस तपकिरी. ते होतं म्हणून सांगितलं होतं.

तिसऱ्या रात्री थंडी भरली. दोन रजया, वर बायकोनं जाजम टाकलं, तरी दात वाजायचे थांबेनात. पहाटे तीनला शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं. गुदद्वारातून सुई जाते तेव्हा तिथले जंतू रक्तात जाऊ शकतात. आधी दिलेल्या गोळ्यांना माझे जंतू दाद देत नव्हते. चार दिवस सलाईन. खाटेवर एकच विचार: कॅन्सर नव्हे, त्याच्या तपासणीनं मरतोय.

रिपोर्टमध्ये फक्त सूज. दोन महिन्यांनी पीएसए 2.1.

म्हणजे तुमचं बरोबर? नाही. बारा तुकड्यांत सापडला नाही म्हणजे नाहीच, असंही नसतं. दर वर्षी रक्त देतो. पण तेव्हाच्या मला आज विचारतो: दीड महिना थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तो उत्तर देतो, "बाबा पण थांबले होते." यावर मला अजून बोलता आलेलं नाही.

धाकटा भाऊ 43चा. गेल्या महिन्यात त्याचा आकडा 3.4 आला. "दादा, काय करू?" मी म्हणालो, जळजळ असेल तर डॉक्टरांना सांग, सायकल बंद कर, सहा आठवडे थांब. चौथा आठवडा चालू आहे. रोज रात्री फोन करतो मी त्याला.