म्हातारा कोच आणावा का?

इंग्लिश फुटबॉलमध्ये नवरा लीड्स क्लबवाला, मी क्रिस्टल पॅलेसची, त्यामुळे आमच्या घरात यावर एकमत होणं कठीणच. मार्च २०२३ मध्ये पॅलेसने कोच व्हिएराला काढून ७५ वर्षांच्या रॉय हॉजसनना परत आणलं, तेव्हा तो पोट धरून हसला. अरे, पण २०२३ उजाडल्यापासून आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो! हॉजसननी पहिल्याच मॅचला लेस्टरला २-१ हरवलं आणि सीझन ११व्या नंबरवर संपवला. मग लीड्सनेही मे महिन्यात अशाच एका म्हाताऱ्या कोचला, सॅम अलरडाइसना, बोलावलं. मॅचेस उरल्या होत्या ४, मिळाला १ पॉइंट, टीम प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये गेली.

म्हातारा आणा, पण वेळेत. आणि शक्यतो घर ओळखणारा; हॉजसन क्रॉयडनचेच, म्हणजे पॅलेसच्याच भागातले. (याच हॉजसनना २०२२ मध्ये वॉटफर्ड क्लबला खाली जाण्यापासून वाचवता आलं नाही, हे नवरा मला विसरू देत नाही.)